उंबरठ्याच्या आत सरकार

दोन माणसांनी एका छपराखाली संसार मांडावयाचे ठरविले, तर त्याची वर्दी प्रथम कोणाला द्यावयाची? आपल्याकडे या प्रश्नाचे उत्तर शोधत बसावे लागत नाही. पहिली पत्रिका कुलदेवतेला, मग घरच्या वडीलधाऱ्यांना, भावकीला आणि गावाला. इंग्लंडमध्ये शासकीय साहाय्यावर जगणाऱ्या स्त्रीपुरुषांना मात्र ही वर्दी विनाविलंब कल्याण खात्याला द्यावी लागते. लग्न झालेले असो वा नसो, जोडीदार सामान घेऊन राहावयास आला की ती ‘परिस्थितीतील बदल’ या सदरात मोडणारी घटना ठरते. ती कळविली नाही तर जादा दिलेली रक्कम वसूल होते आणि हेतुपुरस्सर दडविली असे सिद्ध झाल्यास खटला उभा राहतो.

हा विषय परदेशाचा आहे. तो या पृष्ठावर का आणला, असे वाचकांना वाटणे स्वाभाविक आहे. त्याचे कारण पुढे येईलच. तूर्त त्या देशातील व्यवस्था समजून घेऊ. २०१२ च्या कायद्याने ब्रिटनने अनेक जुनी अनुदाने मोडीत काढून ‘युनिव्हर्सल क्रेडिट’ नावाची एकच योजना आणली. २०२५-२६ या वर्षी पंचवीस वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या एकट्या व्यक्तीचा मूळ मासिक भत्ता सुमारे ४०० पौंड होता, तर जोडप्याचा सुमारे ६२८. म्हणजे दोन अनुदानपात्र व्यक्ती वेगवेगळ्या राहिल्या तर दोघांना मिळून ८००, आणि एकत्र राहिल्या तर महिन्याला १७२ पौंड कमी. जोडीदार कमावता असेल तर त्याच्या मिळकतीचा हिशेब लागतो आणि अनुदान वेगाने आटू लागते. बचतीची कमाल मर्यादा तर एकट्यालाही १६ हजार पौंड आणि जोडप्यालाही तेवढीच! दोघांनी आयुष्यभर आपापले दहा-दहा हजार जपून ठेवले असतील, तर ज्या दिवशी ते एका घरात आले त्या दिवशी दोघेही अपात्र.

सरकारची बाजू अगदीच पोकळ आहे असे नव्हे. दोघे एकत्र राहिले की घरभाडे एक, चूल एक, दिवा एक. खर्च दुप्पट होत नाही, मग करदात्याने दुप्पट का द्यावे? हा युक्तिवाद करणाऱ्याला दुष्ट म्हणता येणार नाही. आणखी एक गोष्ट त्यांच्या बाजूने आहे. विवाहित जोडप्याचे उत्पन्न एकत्र धरावयाचे आणि अविवाहित जोडप्याचे सुटे ठेवावयाचे, असे केले तर विवाह करणाऱ्यालाच दंड बसेल. तो टाळण्यासाठी त्यांनी दोघांनाही एकाच तराजूत टाकले. आता अडचण अशी की विवाहाला नोंद असते, साक्षीदार असतात. सहवासाला काय असते? मग अधिकाऱ्याने खुणा शोधावयाच्या. एकाच घरात राहता काय, किती काळ, पैशाचा व्यवहार एकत्र आहे काय, शरीरसंबंध आहे काय, मुले कोणाची, शेजारीपाजारी तुम्हाला नवराबायको समजतात काय? या खुणांना न्यायालयांनी चार दशकांपूर्वीच मान्यता दिली आहे. व्यक्तीच्या खाजगी आयुष्यात कोणी डोकावू नये, असे जगाला सांगणाऱ्या समाजात सरकारी कारकुनाला हे प्रश्न विचारण्याचा अधिकार आहे, आणि तो अधिकार केवळ गरिबाच्या बाबतीत आहे. श्रीमंतांच्या शयनगृहात कोण राहते याची चौकशी करण्याचे तेथे कोणाला कारण पडत नाही.

याहून मोठी विसंगती पुढेच आहे. इंग्लंडच्या कायद्यात अविवाहित सहचरांवर एकमेकांच्या पालनपोषणाचे बंधन नाही. एखादी दिव्यांग स्त्री दोन लहान मुलांसह राहते आहे आणि एक गृहस्थ तिच्या घरी राहावयास येतो. मुले त्याची नाहीत. त्याने उद्या एक कपर्दिकही दिली नाही तरी ती त्याला न्यायालयात खेचू शकत नाही. परंतु कल्याण खाते त्याची कमाई तिची समजते आणि तिचे अनुदान कापते. अशा रीतीने पोषणाचे कर्तव्य नसलेल्या माणसाच्या मर्जीवर ती स्त्री आणि तिची लेकरे सोपविली जातात. शिवाय दोघांचे अनुदान सामान्यतः एकाच बँक खात्यात जमा होते. ते खाते कोणाच्या हातात आहे, यावर अंथरुणाला खिळलेल्या बाईची औषधे अवलंबून राहतात. तेथील स्त्री-संघटनांनी या एका खात्याविरुद्ध वर्षानुवर्षे ओरड केली आहे, ती उगाच नव्हे.

आणि हेच खाते देण्याची वेळ आली की सहवास विसरते! उत्तर आयर्लंडमधील एका स्त्रीने तेवीस वर्षे एका पुरुषासमवेत संसार केला, चार मुले झाली, २०१४ साली तो निवर्तला. विधवा पालकांना मिळणाऱ्या भत्त्यासाठी ती गेली तेव्हा उत्तर मिळाले की विवाह झालेला नव्हता, सबब ती विधवा नाही. हा मॅक्लॉक्लिन खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि ऑगस्ट २०१८ मध्ये तिच्या बाजूने लागला. कायद्यात दुरुस्ती होण्यास मात्र फेब्रुवारी २०२३ उजाडले. कापावयाचे असेल तेव्हा नवराबायको आणि द्यावयाचे असेल तेव्हा परके, हा न्याय कोणत्या स्मृतीत बसतो?

अमेरिकेत तर दिव्यांगांच्या बाबतीत ही व्यवस्था अधिकच कठोर आहे. १९७२ च्या कायद्याने निर्माण झालेली आणि १९७४ पासून अमलात आलेली ‘सप्लिमेंटल सिक्युरिटी इन्कम’ ही योजना निर्धन वृद्धांसाठी, अंधांसाठी आणि अपंगांसाठी आहे. २०२५ साली तिचा केंद्रीय दर एकट्याला महिना ९६७ डॉलर आणि जोडप्याला १४५० डॉलर होता. दोन दिव्यांगांनी लग्न केले की दरमहा ४८४ डॉलर गेले. बाळगता येणारी मालमत्ता एकट्याला दोन हजार डॉलर, जोडप्याला तीन हजार. आणि हे आकडे १९८९ पासून तसेच आहेत. साडेतीन दशकांत अमेरिकेतील महागाई कोठल्या कोठे गेली, हा आकडा जागचा हलला नाही. तो वाढविण्याची विधेयके तेथील काँग्रेसमध्ये अधूनमधून येतात आणि विरून जातात. जन्मापासून वा बावीस वर्षांच्या आत अपंगत्व आलेल्या मुलाला आईवडिलांच्या नावावर मिळणारा आणखी एक भत्ता आहे. सामान्य, भत्ता न घेणाऱ्या व्यक्तीशी त्याने विवाह केला तर तो बंद होतो. आईबापांनी आयुष्यभर भरलेल्या वर्गणीवर उभा राहिलेला हक्क एका सहीने संपतो.

त्यामुळे अनेक दिव्यांग जोडपी तेथे नोंदणी न करता केवळ धार्मिक विधी करतात. पण पहिल्या योजनेत तीही पळवाट नाही. दोघे एकत्र राहतात आणि समाजासमोर पतिपत्नी म्हणून वावरतात एवढे दिसले, की खाते त्यांना जोडपे धरते. आता आपल्यापैकी कित्येकांची मुले, नातवंडे तेथे आहेत. न्यू जर्सीतील एखाद्या सभागृहात आपल्या दिव्यांग मुलीचे लग्न अग्नीच्या साक्षीने, सप्तपदीसह लावून द्यावे आणि नोंदणीचे नंतर पाहू असे म्हणावे, तर त्या सप्तपदीने हिंदू विवाह पूर्ण होतो आणि तिचे अनुदानही त्याच मंडपात आक्रसते. मग मंगळसूत्र घालावे की लपवावे, हा प्रश्न त्या मुलीपुढे उभा राहतो. आमच्या मते यापेक्षा लाजिरवाणी स्थिती कोणत्याही सुधारलेल्या राज्याने आपल्या दुर्बल नागरिकावर आणू नये.

या नियमांना इतिहास आहे आणि तो उद्बोधक आहे. अमेरिकेतील अलाबामा राज्याने १९६४ साली नियम केला की निराधार मुलांच्या आईकडे कोणी पुरुष येत असेल तर त्याला मुलांचा ‘पर्यायी पिता’ समजून मुलांचे साहाय्य बंद करावे. डॅलस परगण्यात स्मिथ नावाची एक विधवा पहाटे साडेतीनपासून दुपारपर्यंत स्वयंपाकाचे व वाढपाचे काम करून आठवड्याला सोळा ते वीस डॉलर मिळवीत असे. तिच्याकडे आठवडाअखेरीस येणारा गृहस्थ स्वतः विवाहित, नऊ मुलांचा बाप होता. तिच्या मुलांचा तो पिता नव्हता, त्यांना पोसण्याची त्याची ऐपत नव्हती आणि इच्छाही नव्हती. त्या गृहस्थाच्या वर्तनाचे समर्थन कोणी करणार नाही, आम्हीही करीत नाही. परंतु शिक्षा झाली ती मुलांना. त्या नियमामुळे अडीच वर्षांत अलाबामात साहाय्य घेणाऱ्या मुलांची संख्या सुमारे सोळा हजारांनी घटली. त्यांतील बहुतांश कृष्णवर्णीय होती. १९६८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने हा नियम रद्द केला. आईच्या आचरणाची किंमत मुलांच्या ताटातून वसूल करता येत नाही, एवढे साधे तत्त्व प्रस्थापित होण्यास खटला लढवावा लागला.

त्याआधी, १३ जानेवारी १९६३ च्या रविवारी, कॅलिफोर्नियातील ओकलंड भागात कल्याण खात्याने साहाय्य घेणाऱ्या स्त्रियांच्या घरांवर भल्या पहाटे छापे घातले. माणसे दोन-दोनच्या जोडीने गेली. एकाने पुढचे दार ठोठवावयाचे, दुसऱ्याने मागच्या दाराशी उभे राहावयाचे, मग खोल्या, कपाटे, न्हाणीघर सारे पाहावयाचे. कोणी पुरुष सापडतो काय याचा तो शोध होता. खात्यातील बेनी पॅरिश या तरुण कर्मचाऱ्याने या कामावर जाण्यास नकार दिला. त्याला अवज्ञेच्या आरोपाखाली बडतर्फ करण्यात आले. चार वर्षांनी, १९६७ मध्ये, कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने हे छापे घटनाबाह्य ठरविले आणि त्याला थकीत वेतनासह पुन्हा कामावर घ्यावयास लावले. हा पॅरिश अंध होता. दुसऱ्याच्या घरात काय दिसते ते पाहावयास निघालेल्या डोळस खात्याला त्याने अडविले, हे विशेष.

मुळात दोष कोठे आहे? पाश्चात्त्य कल्याणकारी राज्याने व्यक्ती हेच एकक मानले. म्हातारपण, आजार, अपंगत्व, बेकारी, अनाथपण, ही जी ओझी घराने, नात्याने, गावाने वाहावयाची ती एकेक करून राज्याने आपल्या शिरावर घेतली. हेतू उदात्त होता. दुसऱ्या महायुद्धाच्या धुमाळीत, १९४२ साली, बेव्हरिज यांनी जो अहवाल दिला त्यामागची करुणा नाकारण्याचे कारण नाही. परंतु तिजोरीवरचा भार वाढू लागताच त्याच राज्याला कुटुंबाची आठवण झाली. आठवण झाली ती आधार म्हणून नव्हे, वजावट म्हणून. घर बांधणाऱ्याला बळ देण्याऐवजी घर बांधले म्हणून हिशेब कापावयाचा, अशी ती उलटी रीत. पंडित दीनदयाळजींनी १९६५ साली मुंबईच्या व्याख्यानांत सांगितले होते की राज्य ही समाजाच्या अनेक संस्थांपैकी एक आहे. ती स्वतःला एकमेव संस्था समजू लागली की काय घडते, याचे उदाहरण पाहावयास फार शोध घ्यावा लागत नाही.

एवढे लिहून ‘बघा, पश्चिमेचे कसे वाटोळे झाले’ म्हणत हात झटकणे सोपे आहे. आमच्या बैठकांतून, व्याख्यानांतून तसे पुष्कळदा होतेही. परंतु हा विषय या पृष्ठावर आणला तो त्यासाठी नव्हे. आपल्या घरात काय चालले आहे?

१८५६ साली हिंदू विधवांच्या पुनर्विवाहाला कायद्याने मान्यता मिळाली. त्याच कायद्याच्या दुसऱ्या कलमाने पुनर्विवाह करणाऱ्या विधवेचा पहिल्या पतीच्या मालमत्तेतील हक्क काढून घेतला. एका हाताने दार उघडले, दुसऱ्या हाताने शिदोरी काढून घेतली. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी गोदूबाईंशी विवाह केला तेव्हा त्यांना मुरुडकरांनी वाळीत टाकले, हे आपण जाणतो. पण त्या काळी पुनर्विवाहाला धजणाऱ्या विधवेला समाजाच्या बहिष्काराबरोबर कायद्याचाही असा दंड भरावा लागत होता, याची आठवण क्वचितच होते. आजही निराधार विधवेला मिळणारे केंद्राचे वा राज्याचे निवृत्तिवेतन तिने पुन्हा लग्न करताच थांबते. ती निराधार उरली नाही हे खरे. परंतु तिच्या पहिल्या पतीच्या मुलांचे काय? नव्या घरात ती दोन लेकरे घेऊन जाते तेव्हा निदान त्यांच्या वाट्याचे काही तिच्यासोबत जावे, तर तिची पाठवणी सन्मानाने होईल.

दिव्यांगांची गोष्ट याहून चमत्कारिक. महाराष्ट्रात १९८० पासून चालत आलेली संजय गांधी निराधार अनुदान योजना हजारो घरांना आधार ठरली आहे. २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दिव्यांगांचे मासिक अनुदान दीड हजारांवरून अडीच हजार रुपये करण्याचा निर्णय घेतला, त्याचे स्वागत केलेच पाहिजे. परंतु या योजनेत दिव्यांगांसाठी उत्पन्नाची जी मर्यादा ठेवण्यात आली ती वर्षाला ५० हजार रुपये, आणि ती कुटुंबाची. महिन्याचे होतात चार हजार एकशे सहासष्ट. अस्थिव्यंग असलेला एखादा तरुण एकटा आहे तोवर पात्र. त्याने शिवणकाम करून महिना सहा हजार मिळविणाऱ्या मुलीशी लग्न केले, की कागदावर त्याचे कुटुंब ७२ हजारांचे झाले. आता त्याची तीनचाकी दुरुस्त करावयाची, कुबड्या बदलावयाच्या, दवाखान्याच्या खेपा घालावयाच्या, हे सारे त्या मुलीच्या सुईवर. लंडनचा नियम आणि आपल्या तहसील कचेरीतला नियम यांत फरक एवढाच की तेथे चौकशी होते आणि येथे उत्पन्नाचा दाखला मागतात.

गंमत अशी की याच राज्याने २०१४ पासून दिव्यांग व्यक्तीशी विवाह करणाऱ्या अव्यंग व्यक्तीसाठी प्रोत्साहन योजना चालविली. सुरुवातीला ही रक्कम ५० हजार रुपये होती. हेतू अत्यंत स्तुत्य. पाश्चात्त्य देशांना जे सुचले नाही ते आपल्याला सुचले. पण एका विभागाने विवाहासाठी शाबासकी द्यावी आणि दुसऱ्याने त्याच विवाहामुळे मासिक अनुदान तोडावे, तर ती शाबासकी किती महिन्यांत वसूल होते? आजच्या अडीच हजारांच्या दराने अवघ्या वीस महिन्यांत.

असे होऊ नये म्हणून काय करता येते, याचा धडा आपल्याच केंद्र सरकारने घालून दिला आहे. केंद्रीय कर्मचाऱ्याच्या मागे त्याच्या अपंग मुलाला मिळणारे कुटुंब-निवृत्तिवेतन पूर्वी त्याच्या विवाहाबरोबर संपत असे. जानेवारी २०१३ मधील आदेशाने ही अट दूर झाली. विवाहानंतरही ते चालू राहते. २०२१ साली उत्पन्नाचा निकषही सैल केला गेला. निपुत्रिक विधवेने पुनर्विवाह केला तरी, तिचे स्वतःचे उत्पन्न ठरावीक मर्यादेत असेल तर, पहिल्या पतीचे निवृत्तिवेतन सहाव्या वेतन आयोगापासून चालू राहते. आमच्या वाचकांपैकी अनेक कुटुंबे सरकारी नोकरीतली आहेत. घरात दिव्यांग मूल आहे आणि ‘लग्न केले तर पेन्शन जाईल’ या समजुतीने त्याचे स्थळ पाहणे थांबविले आहे, अशी घरे आमच्या परिचयाची आहेत. त्यांनी हे आदेश जरूर पाहावेत. पण नोकरदारांच्या मुलांना जो न्याय मिळाला तो शेतमजुराच्या दिव्यांग मुलाला का मिळू नये?

ब्रिटनकडून घेण्यासारखेही एक आहे, आणि ते मोकळेपणाने घ्यावे. तेथे अपंगत्वामुळे होणाऱ्या जादा खर्चासाठी एक स्वतंत्र भत्ता आहे. १९९२ पासून तो एका नावाने होता, २०१३ पासून प्रौढांसाठी ‘पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंट’ या नावाने आहे. त्याला उत्पन्नाची अट नाही, बचतीची नाही, घरात कोण राहते याची नाही. पायात बळ नसणाऱ्याच्या पायात जोडीदार आल्याने बळ येत नाही, हे त्या एका भत्त्यापुरते त्यांनी ओळखले. चरितार्थाचे साहाय्य आणि अपंगत्वाची भरपाई या दोन वेगळ्या वस्तू आहेत. पहिल्यात घराचे उत्पन्न पाहणे समजू शकते. दुसऱ्यात ते पाहण्याचे कारण नाही. आपल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे २४ वे कलम सांगते की अशा योजनांतील साहाय्य इतरांपेक्षा किमान पंचवीस टक्क्यांनी अधिक असावे. अधिक आधाराची गरज असणाऱ्यांसाठी काळजीवाहकाच्या भत्त्याचाही त्यात उल्लेख आहे. दिव्यांगाची पत्नी वा पती हाच बहुधा तो काळजीवाहक असतो. ज्याला भत्ता द्यावयाचा त्याच्याच कमाईपायी अनुदान बंद करावयाचे, हे त्या कायद्याच्या भावनेशी सुसंगत नाही.

‘लिव्ह इन’चा प्रश्नही आपल्या दारात आला आहे. उत्तराखंडच्या समान नागरी संहितेने जानेवारी २०२५ पासून अशा संबंधांची नोंदणी आवश्यक केली. विवाहाचे बंधन टाळून संसार करण्याच्या या प्रवृत्तीबद्दल आमचे मत वाचकांना ठाऊक आहे, ते येथे पुन्हा मांडीत नाही. परंतु नोंद झाली की उद्या कोणी अधिकारी ती नोंद अनुदानाच्या यादीशी ताडून पाहील, हे उघड आहे. तेव्हा ब्रिटनने ज्या गोंधळात चाळीस-पन्नास वर्षे काढली तो आपण आजच टाळलेला बरा. कोणाचे उत्पन्न कोणाचे समजावयाचे, हे त्या माणसावर पोषणाची कायदेशीर जबाबदारी आहे की नाही यावरून ठरावे, छप्पर एक आहे यावरून नव्हे.

२००८ साली स्थापन झालेल्या ‘सक्षम’चे आणि अन्य संस्थांचे कार्यकर्ते जिल्ह्याजिल्ह्यांत दिव्यांगांमध्ये काम करतात, त्यांच्यासाठी वधू-वर मेळावे भरविणारी मंडळीही आहेत. आमची त्यांना विनंती आहे की मेळाव्यात जमलेल्या प्रत्येक विवाहानंतर वर्षभराने त्या घरी जाऊन एवढे पाहावे की अनुदान चालू आहे काय, बंद झाले असल्यास कोणत्या कारणाने. अशी पंचवीस-तीस प्रकरणे नाव, गाव आणि तहसील कचेरीच्या पत्रासह एकत्र आली, तर ती घेऊन सामाजिक न्याय आणि दिव्यांग कल्याण या दोन्ही विभागांच्या मंत्र्यांकडे जाता येईल. मागणी नेमकी ठेवावी: दिव्यांगाच्या अनुदानासाठी विवाहानंतर जोडीदाराचे उत्पन्न धरू नये, ते शक्य नसेल तर विवाहानंतर निदान तीन वर्षे तरी धरू नये, आणि पुनर्विवाह करणाऱ्या विधवेच्या पहिल्या अपत्यांचा वाटा ती सज्ञान होईपर्यंत चालू ठेवावा. तिन्ही गोष्टी विधानसभेत कायदा न करता, शासन निर्णयाने होण्यासारख्या आहेत.